आठ हजार टन

"आधी नाव, मग पाणी," कप्तान रीकेन म्हणाला. "सांग त्याला."

हिनर्कने इंग्रजीत सांगितलं. लढाईआधी तो इंग्रजांच्या मालबोटींवर खलाशी होता, म्हणून पाणबुडी वर आली की दुभाष्याचं काम त्याच्याच गळ्यात पडे. समोर लाटांवर होडी हेलकावत होती. रात्री बुडवलेल्या जहाजातली उरलीसुरली माणसं तिच्यात होती. होडीत पिंप होतं, पण कोरडं ठणठणीत. तळाशी जहाजाच्या भट्टीवरचा एक आगवाला भाजून पडला होता आणि त्याचे ओठ नुसते हलत होते.

बुडवलेल्या जहाजाचं नाव आणि टनभार त्याच्याच माणसांना विचारून घ्यायची, ही पाणबुडीवाल्यांची रीत. रीकेनच्या बुडवलेल्या जहाजांची बेरीज लाख टनांना आठ हजार कमी होती. लाख भरले की गळ्यात शौर्यपदकाचा क्रॉस. ज्याला त्या क्रॉसची हाव सुटते त्याचा घसा दुखतो, असं खलाशी म्हणत, आणि सध्या म्हाताऱ्याचा घसा फारच दुखत होता. म्हातारा एकतीस वर्षांचा होता. पण पाणबुडीवर कप्तान म्हणजे म्हाताराच.

होडीतला अधिकारी टॅलिस उभा राहिला. "एल्सबी. दोन हजार टन. कोळसा होता. आता पाणी द्या, हा माणूस मरतोय."

हिनर्कने जसंच्या तसं सांगितलं.

"दोन हजार?" रीकेन हसला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आठच्या खाली नव्हतं. यांना खोटं बोलायचं शिकवूनच पाठवतात." अंधारात पाहिलेलं जहाज आणि जाळ्यातून सुटलेला मासा कधी लहान नसतो, हे त्याला कोण सांगणार? त्याने पाण्याचा डबा उचलला, झाकण काढलं आणि शांतपणे समुद्रात ओतायला लागला. होडीतली माणसं त्या धारेकडे बघत राहिली. एक जण रडायला लागला.

"साहेब, खरं बोलत असेल तो," हिनर्क म्हणाला.

"तुला फार कळवळा आलाय. जातोस का त्यांच्यात बसायला? जागा आहे." रीकेनने दुसरा डबा मागवला आणि कठड्यावर ठेवला. "पुन्हा विचार."

हिनर्कने पुन्हा विचारलं. टॅलिसने डब्याकडे पाहिलं, मग आगवाल्याकडे. "बाबा रे," तो हळूच म्हणाला, "तुझ्या साहेबाला केवढं जहाज हवंय?"

कप्तानाला इंग्रजी येत नव्हतं, पण कान होते. हिनर्कने प्रश्न विचारावा तसा, दरडावून, आकडा सांगून टाकला.

टॅलिसने मान खाली घातली. "लेडी कॅव्हर्ली," तो म्हणाला. "आठ हजार टन."

"लेडी कॅव्हर्ली, साहेब. आठ हजार."

"बघ! कशी वाचा फुटली." रीकेनचा चेहरा लग्नघरातल्या बापासारखा खुलला. त्याने शेजारच्या खलाशाच्या पाठीवर थाप मारली. मग डबा उचलला. टॅलिस होडीच्या कडेशी आला. रीकेनने डबा पुढे केला आणि मध्येच थांबला.

"आठ हजार टनी जहाज," तो म्हणाला. "त्याच्या होडीत पाणी नाही? फाटक्या कोळशाच्या बोटीचं एक सोड, पण लेडी कॅव्हर्लीचं पिंप रिकामं? छे! आम्हालाच अजून तीन आठवडे काढायचेत." त्याने डबा खाली, परत आत पाठवून दिला. "सांग त्यांना, शुभप्रवास म्हणावं."

हिनर्क सांगायला होडीकडे वळला. होडीत टॅलिस, आणखी पाणी आणायला आत गेलेत असं समजून, डबा घ्यायला दोन्ही हात वर करून उभा होता, आणि तोंडभरून आभार मानत होता.