मागची पंगत

उद्यानाच्या दारात हेमांगी पाहुण्यांच्या मनगटांवर पट्टे बांधत होती. पट्ट्यात भरलेल्या वेळीच भूक लागे, त्याआधी नाही. त्यामुळे उपाहारगृहात गर्दी होत नसे.

रांगेत तिची पूर्वीची सासू कुमुदताई आली. मागे मुलगा, नवी सून आणि दोन नातवंडं होती.

"अगं, तू इथे? बरं झालं. आम्हाला साडेबाराचं टेबल दे. मला आता भूक सोसत नाही."

"देते ना, आई."

सहा वर्षं त्या घरात हेमांगी सगळे उठल्यावर जेवली होती, बहुधा गार आमटी-भात. लवकर बसू का विचारलं, तर कुमुदताई म्हणायची, "सुनेला कसली एवढी भूक?"

तिने पाचही पट्ट्यांत साडेबाराची भूक भरली. टेबल चौघांचंच घेतलं.

"तुमचं पान मागच्या पंगतीला. तीन वाजता."

"मग माझी भूकही तीनचीच लाव की!"

हेमांगीने पट्ट्याचं कुलूप दाबलं. "तुम्हाला कसली एवढी भूक, आई?"

सगळे आत गेले. नवी सून दोन पावलं मागे राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तीनऐवजी चार वाजता नाही का होणार?"