तल्का

शेवटचं वांग्याचं रोप नीट दाबून सुधीर कमरेवर हात ठेवून उठला. आखाती वाळवंटातल्या वफ्रा गावातला हा तुकडा मळ्याच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, त्याला आणि त्याचा मित्र अभिजीतला तोंडी कसायला दिला होता. दोन हिवाळे दर शुक्रवारी खत घालून सुधीरने ती वाळू वळणावर आणली होती. आज त्याने ओळखीची सगळी मराठी कुटुंबं लागवडीला बोलावली होती. एरवी चहाचा कप न विसळणारे बँकवालेही नाकातोंडात माती जाईपर्यंत राबले.

शेजारच्या ग्रीनहाउसवर काम करणारी लॅटव्हियन इल्झेसुद्धा आली होती. "आमच्याकडे याला तल्का म्हणतात," ती म्हणाली. "लिथुआनियातही हाच शब्द, फिनलंडमध्ये जरासा बदलून. राय, आमचं पावाचं धान्य, कापायचं, शेणखत पसरायचं, की शेजारीपाजारी यायचे. मजुरी नाही. आता गावं झाडायला जमतात, त्यालाही तल्काच."

"अगं बाई, ही तर आमच्या परभणीची इर्जिक!" सुधीरच्या बायकोला, सुमेधाला, कोण आनंद झाला. ती इल्झेला इंग्रजीत सांगू लागली, "ज्याचं शेत, त्याने जेवू घालायचं. स्वतः वाढायचं, आपण शेवटी बसायचं."

"अगदी तसंच," इल्झे म्हणाली.

ताडपत्रीवर पंगत बसली. सुधीरने पिठल्याचं पातेलं उचललं, तेवढ्यात मळ्याचा मुकादम ओवैस आला आणि त्याने अभिजीतला मिठीच मारली.

"मुबारक हो, अभिजीतभाई! अरबाब मान गए. इस सीज़न से ये ज़मीन अकेले आपकी."

सुमेधाने भाकरीची टोपली खाली ठेवली.

"मी सांगणारच होतो रे," अभिजीत म्हणाला. "लागवड झाली की."

"लागवड झाली की?" सुधीरने विचारलं.

परक्याने लुबाडलं असतं तर सुधीरला निदान शिव्या घालता आल्या असत्या. अभिजीतच्या मुलीचं तर बारसं त्याने स्वतःच्या घरी केलं होतं.

त्याने पातेलं अभिजीतच्या हातात दिलं, पंगतीच्या टोकाला जाऊन मांडी घातली आणि ताट पुढे ओढलं.

"वाढा, अभिजीतराव," तो म्हणाला. "सकाळपासून तुमच्या शेतात राबलोय आम्ही."