कडी लावलेलं दार

बायकोनं परक्या पुरुषाबरोबर नाटकात उभं राहावं हे विजयसिंहाला खपेना, म्हणून संशयी नवऱ्याची भूमिका त्यानं स्वतःच मागून घेतली. संयोगिताला पाठांतर असं करावंच लागलं नाही. ही बोलणी ती घरी रोजच खायची.

शहाण्णव सालच्या गणपतीतलं नाटक. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मंडळाची तालीम भरदुपारी रंगात आली होती. मागच्या पडद्यावर कडी लावलेलं दार रंगवलं होतं. पडद्यामागं नुसती भिंत.

"कोण येतंय गं तुझ्याकडं?" विजयसिंह गरजला.

त्या दारावर टकटक झाली. घरात कुणी झोपलं असेल तर करावी, तशी हलकी.

विजयसिंह पुढचा संवादच विसरला. धावत जाऊन त्यानं पडदा उचलला. भिंतच होती.

"खरं सांग, कोण हाय त्यो?" हे नाटकात नव्हतं.

"कुणी न्हाय ओ," ती म्हणाली. खरंच कुणी नव्हतं. तिच्यासाठी आजवर कुणीच आलं नव्हतं.

पुन्हा टकटक. संयोगितानं वळून पाहिलं. चित्रातली कडी निघाली होती. दाराला बोटभर फट पडली होती आणि तिच्यातून गार वारा येत होता.

विजयसिंहानं तिचा दंड गच्च धरला.

"आलो की," दाराकडं बघत ती म्हणाली.