भीमेतली चाचणी

सुलक्षणा रांजणगावच्या कंपनीत स्पीडबोटींच्या इंजिनांचं डिझाइन करायची. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर आणि ती तापलेली हवा नदीच्या पाण्यानं गार करणारा इंटरकूलर, दोन्ही तिचेच. आज दौंडला भीमेत पहिली चाचणी होती. बोट सुटणार, तेवढ्यात सासरे हौसराव धोतर सावरत तिच्यात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

"आबा, उतरा ना. मधेच बंद पडली तर?"

"तू केलंयस न्हवं? मग पडत न्हाई बंद."

बोट सुसाट पुलापर्यंत गेली आणि तशीच परत आली. आबांचा फेटा मात्र नदीत गेला होता. चारचौघांत कधी बोडक्या डोक्यानं न दिसलेले आबा काठावरच्या गर्दीला हसत ओरडले,

"फेटा उडवला की रं माझ्या लेकीनं!"