शिंगीचा काटा

शिंगी मासा विंचवासारखा टोचतो, पण गिरजा तो तळ्याच्या चिखलातून नुसत्या हाताने काढायची. बरोबरच्या बाया म्हणायच्या, "हिच्या हाताले देवाचा वर आहे." आज त्याच हाताच्या करंगळीत काटा मोडून बोट टम्म सुजलं, म्हणून तान्ह्या लेकीला घेऊन ती सावली गावच्या दवाखान्यात बसली होती.

"सुई टोचेल, तेवढं सोस. औषध आत गेलं की पाच मिनिटांत बोट सुन्न होईल, मग काटा काढू," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुई टोचली.

गिरजा हसली. "लय भारी औषध आहे बाई तुमचं! टोचल्याबरोबर सुन्न!"

डॉक्टरबाईंनी सिरिंजकडे पाहिलं. औषध अजून सगळं सिरिंजमध्येच होतं.

"हे माझ्या औषधानं नाही झालं, गिरजा. महारोगाची सुरुवात आहे. पण आता त्यावर गोळ्या आहेत, आणि तू वेळेत आलीस."

गिरजाने लेकीला झटकन मांडीवरून खाली ठेवलं. बाईंनी तिला उचललं आणि परत त्याच मांडीवर दिलं. "तुझा प्रकार तिला लागायचा नाही. पाज तिला. गोळी मात्र एकही चुकवायची नाही."

तिसऱ्या उन्हाळ्यात गिरजा ओल्या लुगड्यानिशी, रक्ताळलेली करंगळी वर धरून तळ्यावरून धावतच दवाखान्यात शिरली.

"बाई, शिंगी टोचली!" तिचं हसू तोंडात मावत नव्हतं. "लय दुखून राह्यलं, बाई!"