शिरोरेषेतली खळी

कागद तिसऱ्यांदा परत आला. सगळीकडे लाल शाई होती. उत्तर कुठेच नव्हतं.

मधोमध, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत, चारच शब्द होते: ‘माझ्याशी लग्न करशील का’. भोवती शेरे. ‘झ’चं पोट सुटलंय. ‘ल’च्या दोन वाट्या सारख्या नाहीत. ‘ग्न’ फार चिकटून बसलाय, जरा हवा येऊ दे. शिरोरेषेत दोन अक्षरांच्या मध्ये खळी पडते, ती भरून घे.

अक्षरकाराने कपाळावर हात मारला. फॉन्ट त्यानेच घडवला होता. प्रत्येक वळण वर्तुळातून काढलेलं, रेघ सगळीकडे एकाच जाडीची, टोकं बोटाच्या पेरासारखी गोल. दुधाच्या पिशव्यांसाठी, बालरुग्णालयाच्या पाट्यांसाठी. इतका लाघवी की त्यात ‘प्रवेश बंद’ लिहिलं तरी माणूस हसत हसत आत शिरावा. मनातलं विचारायला याहून चांगलं अक्षर कुठलं? म्हणून तपासणीच्या कागदावर नेहमीचे ‘कमळ’, ‘ठळक’, ‘लगबग’ हे नमुन्याचे शब्द काढून टाकून त्याने आपला प्रश्न बसवला.

विसरला एवढंच, की समोरच्या टेबलावरची तपासनीस अक्षरं वाचत नाही, बघते. वाचायला लागलं की डोळा अर्थामागे पळतो आणि आकार निसटतो, असं तिचं म्हणणं. त्यासाठी ती कागद उलटा धरते. सगळं ऑफिस तिला भिंग म्हणतं.

तोंडाने विचारायचा प्रयत्न त्याने केला नव्हता असं नाही. दरवेळी “चहा घेणार का” एवढंच विचारून तो परत फिरला होता. आणि आज संध्याकाळी फॉन्ट गिऱ्हाइकाकडे जायचा होता. एकदा तो गेला की तपासणी संपली, कागदही संपला.

तो कामाला लागला. वाट्या सारख्या केल्या, ‘ग्न’ सैल केला, खळ्या बुजवल्या. प्रिंटरपाशी धावला, तर कागद हिशेबाच्या काकूंच्या हातात.

“हे दुधाच्या पिशवीवर येणार?”

“नमुना आहे, काकू.”

“येऊ दे की. दूध खपेल.”

कागद त्याने स्वतः नेऊन भिंगच्या पुढ्यात ठेवला, सुलटा. तिने तो शांतपणे उलटा केला. तिच्या हातातलं भिंग कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलं.

“शिरोरेषा?”

“भरली.”

“‘झ’?”

“पोट आत घेतलं.”

तिने लाल पेनाला टोपण लावलं. “झालं. पाठव गिऱ्हाइकाला.”

तो जागचा हलला नाही. कान तापले होते.

“आता चहाचं विचारू नकोस,” ती म्हणाली.

“तू ते... वाचलंस का? म्हणजे, शब्द?”

“पहिल्याच दिवशी. उलटं वाचायला मला काय चष्मा लागतो?”

“मग इतके दिवस नुसत्या दुरुस्त्या?”

तिने कागद सुलटा केला, हात लांब करून तो न्याहाळला आणि मान एका बाजूला कलती केली.

“अरे, आपल्या घरात भिंतीवर लावायचाय तो,” ती म्हणाली. “कच्चा कसा लावणार?”