वाकडचोच्या

भाच्याला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. थंडी सरत आली होती आणि खाडीच्या चिखलात उतरलेले पाहुणे पक्षी उत्तरेकडे परत निघण्याच्या बेतात होते.

भाच्याने गाडी बांधापाशी थांबवली. आधी त्याची आई उतरली, मग तिचा हात धरून तिची नणंद. नणंदेला घरात-दारात सगळे आत्याच म्हणत. तिने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले होते. आता तिला सुई दिसत नव्हती. जिकडे बघावं तिथे, नेमकं मधोमध, एक धुरकट डाग येऊन बसायचा. डॉक्टर म्हणाले होते, हा डाग जायचा नाही.

"आत्या, ठरलंय ना आपलं?" भाचा म्हणाला.

"ठरलंय. एक पक्षी मी स्वतः बघून ओळखला, तर येत राहीन. नाही ओळखला, तर आज शेवटचं. पुन्हा गाडी काढ म्हणणार नाही."

"आणि आई, तू सांगायचं नाहीस."

"इतक्या वर्षांत कधी सांगितलंय?" आई म्हणाली.

ते खरं होतं. दोघींचा नियमच होता. जिला पक्षी आधी दिसेल तिने फक्त जागा सांगायची, घड्याळाच्या आकड्यांवर. समोर बारा, उजव्या हाताला तीन. नाव दुसरीने आपलं आपण शोधायचं. जिच्या तोंडून नाव निसटेल, तिने त्या दिवशी घरी गेल्यावर सगळी भांडी घासायची.

बांधावर वारा गार होता. आत्या घडीच्या स्टुलावर बसली. तिच्या वहिनीने, भाच्याच्या आईने, आपलं स्टूल तिच्या पुढ्यात, जरा बाजूला, उतारावर मांडलं. ओहोटी होती. पक्षी पार लांब, पाण्याच्या कडेला होते.

"एकवर," वहिनी म्हणाली.

आत्याने दुर्बीण लावली. कितीतरी वेळ ती हललीच नाही.

"उंच आहे. एका पायावर उभा आहे. मान आखडून घेतलीय. राखी बगळा."

वहिनीने पदर तोंडाशी धरला.

"बोल की!"

"वन्सं, तो होडी बांधायचा खुंट आहे. पक्षी त्याच्या पलीकडे होता. तुमची वाट बघून बघून उडून गेला."

दोघी खूप हसल्या. आत्या आधी थांबली.

"भरती येऊ दे," ती म्हणाली. "पाणी चढलं की तेच आपल्याकडे सरकतील. मी काही इथून उठत नाही."

तिने दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत टाकली. पाणी हळूहळू चिखल गिळत वर आलं, आणि त्याच्या पुढे पुढे पक्षी. वहिनी जागा सांगत राहिली. अकरावर. आत्या अकरावर बघायची, तिथे डाग. दोनवर. तिथेही डाग. वहिनीने थर्मासमधला चहा पुढे केला. आत्याने तो घेतला नाही.

बांधाच्या टोकाला हॉर्न वाजला. थोड्या वेळाने भाचा चालतच आला.

"चला आता. घरी दोघी मिळून रडतायत, त्यांची आई एकटी आहे. आणि पाणी बघा कुठवर आलंय. परतायची वाट बुडेल."

"बुडू दे. चपला हातात घेईन."

"आत्या, हट्टाला काही सीमा?"

"तुझ्या मुलींना विचार. माझ्याच वळणावर गेल्यात."

वहिनी मागे वळली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "वन्सं, एक जवळ आलाय. बारावर, त्या दगडांशी. इतका जवळ पुन्हा येणार नाही. सांगू का? आजची भांडी मी घासते."

आत्या उसळली. "सांगून तर बघ! परत तुझ्याशी..."

आणि ती तशीच थांबली. नजर वहिनीवर रोखलेली, तोंड अर्धवट उघडं.

"काय झालं?"

"हलू नकोस."

"अहो, पण..."

"हलू नकोस म्हणते ना. मी तुझ्या कानाकडे बघतेय. कानाकडे बघितलं की तो बाजूला दिसतो." तिने नजर दगडांकडे नेली. "त्याच्याकडे बघितलं की जातो." पुन्हा कानाकडे आणली. "हा आला."

भाचा होता तिथेच थबकला.

"तपकिरी आहे," आत्या म्हणाली. ती एकेक शब्द जुळवून टाका घालावा तशी बोलत होती. "अंगावर रेघा. पाय लांब. चोच त्याहून लांब. लांब आणि खाली वळलेली, पोती शिवायच्या वाकड्या दाभणासारखी." तिने श्वास घेतला. "वाकडचोच्या. त्यातला मोठा."

हे नाव दोघींनीच कधीतरी ठेवलेलं होतं.

"बरोबर," वहिनी म्हणाली.

भाचा एकदा पक्ष्याकडे आणि एकदा आत्याकडे बघत होता. "अगं, पण तू तर आईकडे बघतेयस!"

"मग? तुझ्या आईकडे बघितलं की दिसतो तो."

"म्हणजे पुढच्या वर्षीही गाडी मलाच काढावी लागणार."

"पुढच्या वर्षी कशाला? रविवारी."

पाणी वहिनीच्या स्टुलाच्या पायांना लागलं, मग तिच्या पावलांना. तिने पाय वर घेतले नाहीत. मान जराही न हलवता ती बसून राहिली, आणि आत्या तिच्या कानाकडे बघत राहिली, पक्षी आपण होऊन उडेपर्यंत.

त्या वर्षी पावसाळा सरताना पक्षी परत यायला लागले, त्याच आठवड्यात वहिनी गेली. मंगळवारी, सकाळचा चहा व्हायच्या आधी.